कुठे जायचं हे पगार ठरवतो की घरात ऐकलेली गोष्ट? (अलिबागच्या इस्रायल आळीवरून सुचलेलं)

रेवदंडा_रोड (धागाकर्ती)

मागच्या महिन्यात आईच्या घराच्या कागदपत्रांसाठी चार दिवस अलिबागला होते. काम दुपारीच आटपलं आणि पाय आपसूक इस्रायल आळीकडे वळले. माझं निम्मं लहानपण त्या आळीत गेलंय. शेजारच्या मावशी ज्यू, शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दिवेलागणीनंतर त्या विस्तवाला हात लावायच्या नाहीत, त्यामुळे शनिवारी सकाळी त्यांचा स्टोव्ह पेटवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते घर आता बंद आहे. दाराच्या उजव्या चौकटीवर त्यांची मेझुझा असायची. बोटाएवढी, तिरकी ठोकलेली नळी, आत तोराहमधली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी. घर सोडताना ती काढून नेली. चौकटीवर नंतर दोनदा तरी रंगाचा हात फिरलाय, पण खिळ्यांची दोन भोकं अजून बुजलेली नाहीत.

त्या घरातले तीन भाऊ तीन दिशांना गेले. थोरले, म्हणजे मावशींचे यजमान, मुंबईत रेल्वेत होते आणि निवृत्तीनंतर परत अलिबागला आले. धाकटे लंडनला गेले. मधले १९६०च्या दशकात इस्राएलला, डिमोनाला. मला लहानपणापासून कोडं पडलंय ते या मधल्या काकांचं. मुंबईत पोस्टात कायम नोकरी, पुढे पेन्शन, भायखळ्याला खोली. हे सगळं सोडून ते वाळवंटात जेमतेम काही वर्षांपूर्वी वसवलेल्या गावात गेले आणि कापडाच्या कारखान्यात पाळीवर उभे राहिले. पगाराचा हिशोब मांडला तर हा निर्णय कुठेच बसत नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पेणकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून आडनावं. घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सणांची नावं ऐकाल तर वाटणारच नाही की हे ज्यू सण आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. शतकानुशतकं घरात एकच गोष्ट सांगितली जायची. आपले पूर्वज दूरच्या देशातून निघाले, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. म्हणजे आपण इथे आलो ते निवडून नाही, वादळामुळे. अशी गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला १९५० मध्ये बातमी कळते की इस्राएलने कायदा केलाय, कुठल्याही देशातल्या ज्यूला तिथे येऊन राहायचा हक्क आहे. त्याच्या कानाला ती परदेशातल्या नोकरीची जाहिरात वाटली असेल का? की फुटलेल्या गलबताचा प्रवास पुढे सुरू झाल्यासारखं वाटलं असेल?

आणि तरीही सगळे गेले नाहीत, हे मला जास्त विचार करायला लावतं. भारतात ज्यूंचे तीन मोठे समाज होते आणि तिघांची वाट वेगळी झाली. कोचीनचे ज्यू १९५०च्या दशकात जवळजवळ समाजच्या समाज उठून इस्राएलला गेले. हत्तीरोगाच्या भीतीने तिकडच्या सरकारने त्यांना काही काळ अडवून धरलं होतं, तरी ते थांबून राहिले आणि शेवटी गेलेच. त्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मल्याळममध्ये यरुशलेमच्या ओढीची गाणी म्हणत आल्या होत्या. बगदादी ज्यू म्हणजे ससून वगैरेंचा व्यापारी समाज. डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईत आले, आणि दोन पिढ्यांत त्या समाजाची घरची भाषा, कपडे, शाळा, सगळं इंग्रजी झालं. इंग्रज गेल्यावर त्यांच्यातले पुष्कळ जण लंडनला आणि ऑस्ट्रेलियाला गेले. आणि आपले बेने इस्राएल मध्येच विभागले. १९४०च्या दशकाअखेरीस सुमारे २०,००० होते, आज भारतात चार-पाच हजार असतील. पण ते एकदम गेले नाहीत. एका घरातला एक भाऊ गेला, दुसरा राहिला, असं तीस-चाळीस वर्षं चाललं.

धर्म एक, तोराह एक, कायद्याने मिळालेला हक्क एक. मग दिशा वेगळ्या का? मला वाटतं, आपण कोण आणि आपलं माणूस कोण, याचं जे चित्र घरात तयार होतं, तेच दिशा ठरवतं. पैशाची गरज माणसाला उंबऱ्याबाहेर काढते, एवढंच. तुमच्या घरात, गावात काय अनुभव आहे? नुसती मतं नकोत, पाहिलेलं लिहा.

---

बंदर_४२१

लेख आवडला, पण मुद्दा मला पटत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

तुम्ही कायद्याचा उल्लेख एका ओळीत केलात आणि पुढे गेलात. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. १९५०च्या दशकात पोस्टातल्या कारकुनाला स्वतःच्या खिशातून कुठल्या देशात जाता आलं असतं? बोटीचं भाडं, व्हिसा, तिकडे राहायची सोय. इस्राएलच्या बाबतीत प्रवासाचा खर्च ज्यू एजन्सी (ज्यूंना तिकडे नेऊन वसवणारी संस्था) करत होती, उतरल्यावर घर आणि भाषेचे वर्ग मिळत होते, नागरिकत्व लगेच. १९५३ पासून मुंबईतच त्यांची वकिलात होती. दार उघडं असेल त्या दारातून माणूस जातो. घरातली गोष्ट नंतर त्या जाण्याला चिकटते.

दुसरं. बेने इस्राएल समाज इंग्रजांच्या काळात रेल्वे, पोस्ट, पोलीस, पलटण अशा सरकारी नोकऱ्यांत मोठ्या प्रमाणावर होता. साहेब गेल्यावर पुढच्या पिढीला त्या नोकऱ्या तशाच मिळतील का, ही धास्ती होती. तुमच्या काकांना स्वतःची पेन्शन दिसत असेल, पण मुलांचं काय?

तिसरं, सगळ्यात साधं. ओळखीचा माणूस जिथे आहे तिथे माणूस जातो. एक मामा गेला की भाचे जातात. त्याला जीवनदृष्टी म्हणायचं कारण नाही.

---

रेवदंडा_रोड

@बंदर_४२१, तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते कमी लेखत नाही. पण दार कोचीनवाल्यांना, बगदाद्यांना आणि आमच्या आळीला कायद्याने सारखंच उघडं होतं. तरी कोणी सगळेच्या सगळे गेले, कोणी दुसऱ्या दाराने गेले, कोणी उंबऱ्यावर तीस वर्षं बसून राहिले. उघडं दार हा फरक समजावून सांगू शकत नाही.

आणि मामा-भाच्यांबद्दल: पहिला मामा का गेला, हा प्रश्न उरतोच ना?

---

तारवटी_सासष्टी

मी मूळचा सासष्टीचा, आता मुंबईत. मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे वाचत असतो. आमच्या गोंयकारांचं उदाहरण दोघांच्याही मध्ये बसेल असं वाटतं.

माझे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे खलाशी. दोन सफरींच्या मधल्या काळात राहायचे मुंबईत धोबीतलावला, आमच्या गावच्या कुडीत. कूड म्हणजे गावाने चालवलेली राहायची जागा, एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत. धोबीतलावच्या जेर महालात आजही अशा अनेक कुडी आहेत. मी आजोबांबरोबर लहानपणी गेलो होतो. एक लांब खोली, भिंतीला लागून ट्रंका एकावर एक, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नाव. झोपायचं जमिनीवर, ट्रंकेवर जेवायचं. आणि खोलीच्या टोकाला वेदी, तिच्यावर गावच्या चर्चच्या सायबिणीची (मेरीमातेची) मूर्त. संध्याकाळी तेर्स (रोझरीची प्रार्थना) सुरू झाला की कुडीत असेल त्याने गुडघे टेकायचेच. तेर्स चुकवला तर दंड.

मुंबईत काम शोधायला आलेल्या माणसाला ती खोली फुकटात मिळत नव्हती, पण जवळपास तशीच. म्हणजे @बंदर_४२१ म्हणतात ते बरोबर, सोय होती म्हणून मुंबई. पण ती सोय कोणी केली? गावाने, आपल्या देवाला बरोबर आणून. गावची सायबीण जिथे पोचली तिथपर्यंत माणूस निर्धास्तपणे जात होता. कराची, नैरोबी, जिथे जिथे आमची माणसं गेली तिथे आधी चर्च आणि क्लब उभे राहिले, मग बायकामुलं आली.

आता याच्या उलटं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. माझ्या ओळखीतल्या डझनभर घरांनी ते घेतलं. त्यांतलं लिस्बनला कोण राहिलं? एकच. बाकी सगळे त्या पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला, साउथहॉलला. ब्रेक्झिट होईपर्यंत युरोपचा पासपोर्ट तिकडे चालत होता. घरात पोर्तुगीज आडनाव, पणजी पोर्तुगीज बोलायची, भिंतीवर लिस्बनचं चित्र, पण मुलं इंग्रजी शाळेतली. हक्क मिळाला पणजीच्या गोष्टीतून, पाय गेले मुलांच्या भाषेकडे. तेव्हा घरात गोष्टी एकाहून जास्त असतात हे धरून चालायला हवं.

---

रेवदंडा_रोड

@तारवटी_सासष्टी, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आमच्या शेजारच्या घरातही तेच होतं, हे मला आत्ता लक्षात येतंय. लंडनला गेलेले धाकटे काका माझगावच्या एली कदूरी शाळेत शिकले आणि इंग्रजी वर्तमानपत्राशिवाय त्यांचा चहा व्हायचा नाही. मधले काका मराठी कीर्तनवाले. (हो, बेने इस्राएलांची मराठी कीर्तनं असतात. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा, साकी-दिंडी, झांजा, सगळं आपल्या कीर्तनासारखं. १८८०च्या सुमारास मुंबईत सुरू झाली.) एकाच घरात दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मनाशी धरल्या.

---

खेड_शिवतर

आमच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चाकरमानी.

'स्थलांतर' हा शब्द आमच्या घरात कोणी कधी वापरला नाही. वडील चाळीस वर्षं लालबागला होते, गिरणीत, १९८२च्या संपापर्यंत. चाळीस वर्षं राहून ते मुंबईकर झाले का? अजिबात नाही. 'मुंबईस असतो' म्हणायचे, 'मुंबईत राहतो' असं नाही. घर म्हणजे खेडचं. गणपतीला आणि शिमग्याला घरी पोचायचंच, नाहीतर पालखी दारात येऊन रिकाम्या दारावरून जाईल. आई गावी, शेती गावी, मनीऑर्डर दर महिन्याला.

गोवेकरांची कूड तशी आमची गावकीची खोली. दहा बाय बारात पंधरा-वीस जण, पाळ्या लावून झोपायचे, जेवण खानावळीत. खोलीच्या भाड्याचा हिशोब गावकीची मंडळी ठेवायची. गावात वाळीत टाकलेल्याला मुंबईच्या खोलीतही जागा नसायची. हा भाग चांगला नव्हता, पण होता.

आता मुद्दा. माझ्या चुलत्याला १९७०च्या सुमारास आखातात कामाची संधी आली होती. ओळखीचा मुकादम होता, पगार गिरणीच्या कितीतरी पट. चुलते गेले नाहीत. कारण काय सांगितलं? "शिमग्याला सुट्टी मिळत नाही." घरातले सगळे हसले असतील असं इथे कोणाला वाटेल. कोणी हसलं नाही. आमच्या घरात पालखी नाचवायचा मान आहे, तो चुलत्यांकडे होता. त्याच मुकादमाबरोबर शेजारच्या वाडीतला मुसलमान मित्र गेला. त्याचे नातेवाईक आधीच तिकडे होते, भाषेची भीती नव्हती, आणि मक्का-मदिना जवळ म्हणून त्याच्या आईने आनंदाने पाठवला. दोघांची शेती सारखी नापीक, दोघांचं शिक्षण चौथी-पाचवी. आज त्या वाडीत सिमेंटची दुमजली घरं आहेत आणि आमच्याकडे कौलं. चुलत्यांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही, मुलांना मात्र वाटतं.

---

बंदर_४२१

@खेड_शिवतर, हा प्रतिसाद मला हलवून गेला, खरं सांगतो. सारखी शेती, सारखं शिक्षण, एकच मुकादम, आणि निर्णय वेगळा. याच्यावर मला पगाराचं उत्तर देता येत नाही.

पण एक जोडतो. मित्राचे नातेवाईक आधीच तिकडे होते असं तुम्हीच लिहिलंय. श्रद्धा आणि ओळखीपाळखी वेगळ्या काढता येत नाहीत, असं म्हणू या का? कूड ही सोयही आहे आणि देवघरही.

---

निळ्या_शाईने

थोडं अवांतर, पण याच विषयाचं. १८८३ साली दोन मराठी बायका समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला, पंडिता रमाबाई इंग्लंडला. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे बाटणं. दोघींनाही वैद्यकी शिकायची इच्छा होती, मग दिशा वेगळ्या का? आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीत भाषण करून अमेरिकाच का ते सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं बजावलं. त्यांना बोलावणारी अमेरिकेतल्या रोझेलची बाई पत्रांतून ओळखीची झालेली, धर्माची अट न घालणारी. रमाबाईंना इंग्लंडमधल्या वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींचा आधार मिळाला. त्या मनाने आधीच धर्माच्या शोधात होत्या, आणि त्याच वर्षी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकीला धर्म बदलावा लागणार नाही अशी जागा हवी होती, दुसरीला धर्माबद्दलचे प्रश्न विचारता येतील अशी. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

---

अश्दोदहून

नमस्कार. बऱ्याच वर्षांपासून इथे वाचते, लिहिते पहिल्यांदाच. मराठी टायपिंग नातवाने फोनवर घालून दिलं, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आम्ही पेणचे. १९७१ साली इस्राएलला आलो, मी तेव्हा अकरा वर्षांची. @रेवदंडा_रोड, तुमच्या त्या काकांना मी ओळखत नसेन, पण तसे काका आमच्या प्रत्येक घरात आहेत.

एक शब्द सांगते, त्यावरून कळेल. हिब्रूत इस्राएलला येऊन राहण्याला 'अलिया' म्हणतात. त्याचा अर्थ चढणं, वर जाणं. आणि इथून दुसरीकडे राहायला जाण्याला 'येरिदा', म्हणजे उतरणं. पपा अमेरिकेला गेलेल्या मित्राबद्दल बोलताना 'गेला' म्हणायचे, आणि आमच्याबद्दल बोलताना 'वर आलो'. ज्या भाषेत एक दिशा वर आणि दुसरी खाली आहे, तिच्यात प्रार्थना करणाऱ्या माणसाला दोन देशांचे पगार शेजारी मांडून बघणं जमत नाही. पपांनी कधीच मांडले नाहीत. मम्मीने मांडले होते. ती यायला तयार नव्हती.

मम्मीचं म्हणणं होतं, आपल्याला इथे कोणी काय त्रास दिलाय? आणि ते खरंच होतं. ज्यू म्हणून आम्हाला पेणमध्ये कोणी कधी वाईट शब्द बोललं नाही. आमच्या सणाला शेजारी यायचे, त्यांच्या गणपतीला आम्ही जायचो. आमचे इथले मोरोक्कोचे, इराकचे शेजारी आपली घरं कशी सोडावी लागली ते सांगतात तेव्हा मम्मी गप्प बसायची. आम्हाला कोणी घालवलं नव्हतं. त्यामुळे का आलो, हा प्रश्न आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त छळतो. @बंदर_४२१ यांचं नोकरीचं कारण थोडं बरोबर आहे, पण मुलांच्या लग्नांचं कारण त्याहून मोठं होतं, ते कोणी लिहिलं नाही. समाज लहान, त्यातले निम्मे गेले की उरलेल्यांना मुलंमुली मिळत नाहीत. मग तेही निघतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपल्या मनात त्या देशाचं चित्र असतं, पण त्या देशाच्या मनातही आपलं एक चित्र असतं. ते जुळलं नाही. आमच्या आधी आलेल्यांनी फार सोसलं. १९५१ मध्ये बेएर शेवाला राहणाऱ्या आमच्या लोकांनी रंगावरून भेदभाव होतो म्हणून तेल अवीवला धरणं धरलं आणि आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली. १९५२ मध्ये त्यांना परत पाठवलंही. मग १९६२ साली रब्बींच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) मुख्य कचेरीने हुकूम काढला की बेने इस्राएलांचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावताना त्यांच्या आईच्या बाजूच्या पिढ्या तपासा. म्हणजे शनिवारचा घाणा बंद ठेवून आम्ही इतकी शतकं जे जपलं, ते खरं की खोटं हे इथे येऊन सिद्ध करायचं. १९६४च्या उन्हाळ्यात आमचे लोक यरुशलेमला रस्त्यावर बसले. त्या ऑगस्टमध्ये इथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि रब्बींना हुकूम बदलावा लागला. पपा तेव्हा पेणमध्येच होते. त्यांनी हे सगळं वर्तमानपत्रांत वाचलं होतं. तरी सात वर्षांनी आले. मी विचारलं होतं एकदा, एवढं वाचून का आलात? म्हणाले, "आपल्याच घरात भाऊ हिश्शावरून भांडले तर घर आपलं नाही असं म्हणतो का आपण?"

मला स्वतःला हे उत्तर पुरत नाही. लग्नाच्या वेळी माझ्या थोरल्या बहिणीकडे पुन्हा कागद मागितले होते. ती रात्रभर रडली होती.

---

रेवदंडा_रोड

@अश्दोदहून, तुमच्या प्रतिसादानंतर दोन दिवस मला काही लिहिता आलं नाही. मी दिशा ठरवणाऱ्या गोष्टीबद्दल बोलत होते, आणि ती गोष्ट पलीकडच्यांनी मान्य केली नाही तर माणसाचं काय होतं याचा विचारच केला नव्हता. १९५२ मध्ये परत आलेल्यांबद्दल मी वाचलं होतं की त्यांतले बरेच जण मुंबईत काही काळ काढून पुन्हा इस्राएललाच गेले. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. तुमच्या पपांचं वाक्य वाचून थोडं कळलं.

डिमोनावरून आणखी एक विचारते. तुम्हाला अश्दोदच का? निवडलं होतं?

---

अश्दोदहून

नाही हो. देश पपांनी निवडला, गाव सरकारने. सुरुवातीच्या वर्षांत तर बोटीवरून उतरलेल्यांना थेट नव्या वसाहतींत नेऊन सोडायचे. डिमोना, बेएर शेवा, किर्यात गत, लोद, सगळीकडे आपले लोक आहेत ते त्यामुळे. कोकणातल्या माणसाला डिमोना! समुद्र नाही, झाड नाही, पाऊस नाही. आम्ही पहिली दोन वर्षं येरुहामला होतो. ते पण वाळवंटच. मम्मीने घरून विळी आणली होती खोबरं खवायची, आणि तिथे नारळच मिळत नव्हता. विळी दोन वर्षं पलंगाखाली कापडात गुंडाळलेली. मग पपांनी खटपट करून अश्दोदला बदली मिळवली. बंदराचं गाव, समुद्र आहे, मासे मिळतात. आल्या आल्या मम्मी किनाऱ्यावर गेली आणि परत येऊन म्हणाली, वास वेगळा आहे, पण चालेल. @बंदर_४२१, तुमच्या नावात बंदर आहे म्हणून सांगते, देश निवडताना नाही पण गाव निवडताना आम्ही कोकणातलेच होतो.

---

खेड_शिवतर

विळीचं वाचून आईची आठवण आली. लालबागच्या खोलीतही एकच विळी होती, वीस जणांत.

---

बंदर_४२१

@अश्दोदहून, मी सुरुवातीला लिहिलं की गोष्ट नंतर चिकटते. तुमच्या वडिलांनी १९६४ची बातमी वाचूनही सात वर्षांनी निर्णय घेतला. त्यांना दारामागचं सगळं माहीत होतं. हे माझ्या मांडणीत बसत नाही आणि मी ते मान्य करतो. तरी प्रवासखर्च आणि नागरिकत्व नसतं तर ते येऊ शकले असते का, हा प्रश्न सोडू नये. मिझोराम-मणिपूरमधल्या बेने मनश्शे समाजाचं बघा. आम्ही इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी एक, असं ते मानतात. २००५ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींपैकी एकाने त्यांचा दावा मान्य केला, पण धर्मांतराचा विधी करायला लावला. तेव्हापासून काही हजार लोक गेले आहेत, बाकीचे वर्षानुवर्षं परवानगीची वाट बघत राहिले. त्यांच्याच डोंगरातली शेजारची मुलं कामासाठी दिल्ली-बंगळूरला जातात. त्यांची इच्छा आधीपासून होती, पण मोठ्या संख्येने जाणं दार उघडल्यावरच झालं. मला दोन्ही लागतात असं दिसतं.

---

निळ्या_शाईने

एक प्रश्न @अश्दोदहून यांना. अलिबागजवळच्या नवगाव, खंडाळे इथे तुमचे लोक अजून येतात का? एलियाहू हनाबीचा (प्रेषित एलियाचा) रथ स्वर्गात जाताना खंडाळ्याच्या खडकावर टेकला आणि त्याच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे असं ऐकलंय.

---

अश्दोदहून

येतात तर! नवस फेडायला येतात. इथल्या घराघरातही मलिदा होतो. ताटात भिजवलेले गोड पोहे, वर खवलेलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हनाबीचं स्तवन. मूल झालं, घर घेतलं, पोरगा सैन्यातून सुखरूप परत आला, की मलिदा. इथल्या दुसऱ्या ज्यूंना हे माहीतच नाही. एलियाहू त्यांचाही आहे, पण खंडाळ्याला टेकलेला फक्त आमचा.

मम्मी शेवटपर्यंत इस्राएलला 'देश' म्हणायची आणि पेणला 'गाव'. माझ्या मुलांना वाटायचं देश आणि गाव म्हणजे एकाच ठिकाणाची दोन नावं. आजी 'गावाला जायचंय' म्हणाली की धाकटा विचारायचा, कुठल्या बसने?

तोच धाकटा आता बत्तीस वर्षांचा आहे. मुलगी झाली त्याला मार्चमध्ये. मी नवस बोलले होते खंडाळ्याचा. जानेवारीत सगळे येतोय, मुंबईला उतरून आधी पेण, मग अलिबाग. सून रशियातून आलेल्या घरातली, तिने पोहे कधी खाल्ले नव्हते, आता करते. @रेवदंडा_रोड, तुम्ही अलिबागला असाल तर भेटू. बाकी सगळं आणते, पण नारळ तेवढे तिथलेच हवेत, पाच.

---

रेवदंडा_रोड

असणारच. जानेवारीत सुट्टी टाकते. नारळ आमच्या आवारातल्या माडाचे काढून ठेवते, सोलून ठेवू की शेंडीसकट हवेत ते कळवा. आणि मेझुझाची ती चौकट तुम्हाला दाखवायची आहे, किल्ली मावशींच्या भाच्याकडे ठाण्याला असते, आजच फोन करते.